पाचव्या भागातलं खेचर

टीव्हीवरच्या एका मालिकेपायी मी अडुसष्टाव्या वर्षी भांडायला निघालो, हे माझ्या बायकोला अजून खरं वाटत नाही. भांडायला ती स्वतः माझ्या स्कूटरवर मागे बसून आली होती, तरी वाटत नाही.

मालिका फौजेची आहे, हिंदी. नाव लिहीत नाही, जाहिरात कशाला करा. बर्फातल्या एका चौकीवर शिधा, रॉकेल आणि दारूगोळा पोचवणाऱ्या खेचरांच्या तुकडीची ती गोष्ट. त्यात लढाई नाही, गाणी नाहीत. माणसं डोंगर चढतात, उतरतात, खेचरांना पाणी दाखवतात, चहा पितात आणि पुन्हा चढायला लागतात. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत ती सगळ्यांत आधी मी पाहिली आणि मग सगळ्यांना पाहायला लावली. कारण सतरा वर्षं मी हेच केलं. फौजेत मी खेचर हाकत होतो.

हे वाक्य आज लिहितो, पण पूर्वी मी ते टाळत असे. फौजेतून सुटीवर आलेल्या माणसाकडून लोकांना बंदुकीच्या गोष्टी हव्या असतात. मी समुद्रपूरच्या बसमधून उतरलो की कोणीतरी विचारायचंच, "किती मारले भाऊ?" मी म्हणायचो, काम गुप्त आहे. पण आमच्या मेव्हण्याने माझ्या एका पत्रावरून पत्ता काढला आणि ऐन पंगतीत जाहीर केलं, "आमचे जावईबापू बॉर्डरवर खेचरं चारून राह्यले!" पंगत हसली. इंदू, म्हणजे माझी बायको, तेव्हा नवी नवरी होती. ती हसली नाही, पण तिने मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मला बरीच वर्षं दिसत राहिली.

खेचरांकडे मी गेलो तोच बढाईमुळे. भरतीनंतर एका साहेबाने विचारलं, जनावरांची सवय आहे का? बाप कास्तकार, घरी दोन बैलजोड्या. छाती फुगवून सांगितलं, "है साब, बचपन से." बाकीच्या पोरांना रायफल चांगली चालवतो की वाईट एवढंच विचारलं होतं. मला वाटलं, आपली काहीतरी खास निवड झाली. झालीच होती म्हणा.

पहिल्याच दिवशी खेचर अडलं. आपल्याकडे बैल अडला की शेपूट पिरगाळतात. मीही मागे गेलो आणि पिरगाळलं. पुढचं मला इतरांनी सांगितलं. मी म्हणे भुशाच्या ढिगात डोकं खाली, पाय वर असा सापडलो, आणि आमचे हवालदार कमरेवर हात ठेवून विचारत होते की हा विदर्भातला शहाणा जिवंत आहे का. ते गढवालचे, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मला उठवून त्यांनी पहिला धडा दिला. "बैल को पीछे से चलाते हैं. खच्चर के आगे चलते हैं. भरोसा करेगा तो आएगा, नहीं तो तेरे बाप से भी नहीं आएगा."

या कामाची बाहेरच्यांना कल्पना नसते म्हणून थोडं सांगतो. फौजेतल्या खेचराला नंबर असतो, तो खुरावर डागलेला असतो. त्याची दवापाण्याची नोंद असते, वय झालं की त्याला निवृत्ती मिळते. रोज खरारा करायचा, खूर तपासायचे, खोगिराखाली पाठीला कुठे चट्टा पडला का ते हात फिरवून बघायचं. पाठ सोलली तर जनावराला कोणी बोलत नाही, हाकणाऱ्याला बोलतात. दोन्ही बाजूंचं ओझं सारखं हवं. एका बाजूला बटाटे आणि दुसऱ्या बाजूला कांदे असं नुसतं डोळ्यांनी ठरवून चालत नाही. डोंगराच्या पायवाटेवर खेचर नेहमी दरीच्या कडेने चालतं. नवीन माणूस घाबरून दोर आत ओढायला लागतो. कडेने चालण्याचं कारण एवढंच की आतल्या बाजूने चाललं तर ओझं कड्याला घासतं, हे ते एकदा शिकतं आणि विसरत नाही.

सगळ्यांत मोठा नियम म्हणजे आधी जनावर, मग माणूस. दिवसभर चढून आलो, पोटात कावळे ओरडत असले तरी खेचराचं पाणी, चणे, खरारा झाल्याशिवाय आपल्या ताटाला हात लावायचा नाही. ही सवय इतकी अंगात मुरली की सासुरवाडीला पहिल्यांदा जेवायला बसलो आणि तोंडाजवळचा घास ठेवून उठलो. गोठ्यात जाऊन बैलांपुढे कडबा आहे की नाही ते पाहून आलो. सासरे घाबरले. त्यांना वाटलं, जावई रुसले, वरणात मीठ कमी पडलं असेल. दुसरी वाटी आली, तूप आलं, सासू हात जोडायला लागली. खरं कारण सांगावं तर खेचरांचं गुपित फुटणार, म्हणून मी रुसल्यासारखाच बसून राहिलो आणि चार पुरणपोळ्या जास्तीच्या खाल्ल्या.

खेचरांचे नमुनेही होते. एक खेचर ओझ्याच्या बाबतीत फार काटेकोर. नेहमीचं वजन झालं की ठीक, वर एक पिशवी टाकली की ते शांतपणे खाली बसायचं. एकदा चौकीवर बदलून चाललेल्या तरुण साहेबाने आपली पुस्तकांची पेटी गुपचूप आमच्या ओझ्यात सरकवली. खेचर बसलं. साहेबाने आधी हुकूम दिला, मग गूळ दिला, मग इंग्रजीत काहीतरी समजावून सांगितलं. खेचराने डोळे मिटून घेतले. शेवटी साहेबाने दोन पुस्तकं खिशात घातली आणि पेटी खालीच ठेवली. आम्ही सावधान उभे होतो, म्हणून हसता आलं नाही.

तर अशा माणसाने ती मालिका पाहिली. पहिल्या भागात मी सतरा चुका काढल्या. नट खेचराच्या थेट मागे उभा होता, तो वाचला कसा हेच नवल. खोगीर भलतीकडून बांधलेलं. नटाची नखं नवरदेवासारखी स्वच्छ. इंदू म्हणाली, "चूप बसा ना जी, पाहू द्या." दुसऱ्या भागात चुका मोजणं बंद केलं. तिसऱ्या भागात एक जवान स्वतः भिजत उभा राहतो आणि आपली घोंगडी खेचराच्या पाठीवर टाकतो. त्या वेळी इंदूने माझ्याकडे वळून पाहिलं.

पाचव्या भागात खेचर दरीत पडतं. वाट निसरडी, पाय घसरतो आणि जातं. त्याचा जवान कड्यावर बसतो आणि दोन तास रडतो. त्याचा हवालदार त्याला उठवत नाही, नुसता बाजूला उभा राहतो. भाग संपला तेव्हा इंदू पदराने डोळे पुसत होती. तिने विचारलं, "तुमचं बी एखादं गेलतं का जी असं?"

मी म्हणालो, "हो. एक."

"तुमी बी असेच रडले होते?"

"हो."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गल्लीभर झालं होतं. ज्या बाईने पंगतीत मान खाली घातली होती ती आता दारात उभी राहून सांगत होती, "आमच्या ह्यायचंच काम दाखवून राह्यले टीव्हीवर. हेही रडले होते, दोन तास!" मेव्हण्याचाही फोन आला. त्याने पहिल्यांदा मला 'फौजी' म्हटलं. मी सुखावलो, खोटं कशाला बोलू.

आणि मग आठवड्याभराने वैरागडे सरांचं परीक्षण छापून आलं.

वैरागडे सर नालवाडीत राहतात. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले, आता वर्ध्याच्या एका साप्ताहिकात नाटक-मालिकांवर लिहितात. त्यांच्या लेखणीतून सुटलेला नट मी अजून पाहिला नाही. त्यांनी लिहिलं होतं की ही मालिका म्हणजे चहा आणि चढण यांचा पाठ आहे. खेचराच्या मृत्यूची चौकशी बसते हे पाहून हसू आवरत नाही. आणि पाचव्या भागातला धट्टाकट्टा जवान खेचरासाठी दोन तास जे हुंदके देतो ते पूर्णपणे खोटे आहेत, प्रेक्षकाला रडवण्यासाठी नळ सोडावा तसे सोडलेले.

इंदूने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. तिचा आवाज शेवटी चढला होता. "ह्यायले काय मालूम? हे गेलते का कधी बर्फात? तुमी लिहा त्यायले. नाई तं मी जातो."

मी पत्र लिहिलं. चार खर्डे झाले. पहिल्यात शिव्या होत्या, चौथ्यात फक्त मुद्दे उरले. चौकशी खरोखर बसते, कारण खेचर सरकारचं असतं. तीन जण बसतात, हाकणाऱ्याचा जबाब घेतात, सही घेतात. आणि दोन तास रडणारा माणूस मी स्वतः ओळखतो, असंही लिहिलं. सरांचा फोन आला. "झाडेभाऊ, पत्रावर कशाला भांडायचं, चहाला या. वहिनींनाही आणा."

सरांच्या बैठकीत पुस्तकंच पुस्तकं. साहेबाच्या पेटीला बसलेलं ते खेचर इथे असतं तर दारातच बसलं असतं, असं मनात आलं. सर उंच, किडकिडीत आणि अतिशय सभ्य निघाले, त्यामुळे माझी अर्धी तयारी वाया गेली.

"तुमचं पत्र मी तीनदा वाचलं," सर म्हणाले.

"त्यायनं चारदा लिवलं, सर," इंदू म्हणाली. "आता तुमी चूक झाली म्हनून छापून टाका."

सर हसले. "चौकशीबद्दल छापतो, वहिनी. तिथे मी चुकलो, मला माहीत नव्हतं. पण रडण्याचं तसं नाही. झाडेभाऊ, तुम्हीच सांगा. मालिकेत खेचराचा पाय घसरतो. अपघात आहे, कोणाचाच दोष नाही. माणसाला वाईट वाटेल, डोळे पुसेल, पुढच्या खेचरांकडे बघेल. पण दोन तास उठायचंच नाही, एवढं काय झालं? त्याचं कारण मालिका देत नाही. नुसतं संगीत वाजवते. म्हणून मी खोटं म्हणालो."

"जनावरावर प्रेम नसते का जी?" इंदू माझ्याकडे वळली. "सांगा ना त्यायले. तुमी रडले ते काय खोटं होतं?"

घरून निघताना मी खेचरांबद्दलच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं घोकून निघालो होतो, पण 'एवढं काय झालं?' हा सरांचा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. आयुष्यात खेचराला हात न लावलेल्या माणसाने, पुस्तकांच्या मधे बसून, नेमकं तिथे बोट ठेवलं जिथे मी इतकी वर्षं कोणाला हात लावू दिला नव्हता. जनावरावर प्रेम होतं, एवढं म्हणून चहा पिऊन निघता आलं असतं. इंदू खूश झाली असती. पण मग पऱ्हाटी दुसऱ्यांदा गेली असती, असं मला वाटलं, आणि मी बोलायला लागलो.

पऱ्हाटी माझ्या खेचरीचं नाव. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली पऱ्हाटी असते तशी ती दिसायला वाळकी आणि मोडायला कठीण होती. नंबराने हाक मारायची पद्धत होती, पण मी घरची आठवण म्हणून हे नाव ठेवलं होतं. चार वर्षं ती माझ्याकडे होती. माझ्याशिवाय कोणी दोर धरला तर हलायची नाही. मी पुढे चालत गेलो आणि नावाने हाक मारली की यायची.

त्या दिवशी चौकीवर रॉकेल न्यायचं होतं. वाटेत एक नाला, त्यावर बर्फ साचून पूल झालेला. नेहमीचीच वाट. त्या दिवशी पऱ्हाटी पुलाजवळ थांबली. खाली नाक नेऊन तिने बर्फ हुंगला, एक खूर हलकेच आपटला आणि मागे सरली. खेचर उगीच थांबत नाही. खालचा बर्फ पोकळ झाला की त्याला खुराच्या आवाजावरून कळतं. उस्ताद मागून ओरडले, "मना कर रही है, वापस मोड़! नीचे से जाएँगे." खालची वाट म्हणजे आणखी दोन तास.

त्या वर्षी माझी खेप एकदाही उशिरा पोचली नव्हती. सगळ्या तुकडीत फक्त माझी. मला वाटलं, उस्ताद म्हातारे झाले, घाबरतात. मी दोर ओढला, ती आली नाही. थोपटलं, गूळ दाखवला, तरी नाही. मग मी दोराचं टोक हातात ठेवून तो सैल सोडला आणि एकटाच पूल ओलांडून पलीकडे गेलो. माझ्या वजनाने काही झालं नाही. वळून तिच्याकडे पाहिलं आणि हाक मारली, "ये पऱ्हाटी, ये."

ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत उभी होती. मग आली.

मधोमध पूल खचला. आवाजही फार मोठा झाला नाही. दोर माझ्या हातातून सरकत गेला आणि संपला.

मी पलीकडे, बाकी सगळे अलीकडे. उस्तादांना खालच्या वाटेने माझ्यापर्यंत यायला दोन तास लागले. ते दोन तास मी तिथे बसलो होतो. उस्ताद आले, मला उठ म्हणाले नाहीत, ओरडले नाहीत. शेजारी बसले आणि म्हणाले, "वो तुझ पे भरोसा करके आई थी." बस, एवढंच. चौकशीत मी जबाब दिला की वाट निसरडी होती आणि पाय घसरला. उस्तादांना विचारलं तेव्हा ते समोर बघत म्हणाले, "मैं पीछे था साब, देखा नहीं." त्यांनी सगळं पाहिलं होतं. माझी नोकरी त्यांनी वाचवली आणि त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलत राहिले.

सरांच्या घरी चहा तसाच राहिला होता. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "हे मालिकेत हवं होतं, झाडेभाऊ."

"असतं तं तुमी चांगलं लिवलं असतं?"

"फार चांगलं लिहिलं असतं."

"पन मी तं टीव्ही बंद केला असता, सर," मी म्हणालो. "पाय घसरला असं त्यायनं दाखवलं, म्हनून तं मले पाहता आलं. तुमचं एक बरोबर आहे, त्यायनं कारन दाखवलं नाई. पन रडनं खोटं म्हनू नका. दोन तास लय कमी आहे."

सर उठले. फाटकापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "हे लिहून द्याल का? यंदाच्या दिवाळी अंकाचं काम माझ्याकडे आहे." मी म्हणालो, पाहू. तसं मी कोणालाही म्हणतो आणि लिहीत नाही.

परतताना इंदू स्कूटरवर मागे बसली. मी आरशात पाहायचा प्रयत्न केला, पण तिचा पदरच दिसत होता. घरी आल्यावर तिने हातपाय धुतले, भाजी निवडायला घेतली. मी समोर बसून राहिलो. गल्लीत तिने ज्या ज्या दारात माझी गोष्ट सांगितली होती ती सगळी दारं माझ्या डोळ्यांपुढे येत होती.

शेवटी मीच म्हणालो, "मले रागाव तरी."

"मले पह्यले काऊन नाई सांगतलं?"

"तुले काय वाटलं असतं..."

"जे वाटलं असतं ते मले वाटू द्याचं होतं," ती म्हणाली. मेथीची एक जुडी संपली, तिने दुसरी ओढली. "त्या कागदावर अजून तसंच असन का? पाय घसरला म्हनून?"

"असन. माही सही आहे खाली."

"मंग लिहा आता. सरायनं कागद मांगतला ना? देऊन द्या लिहून." तिने पुन्हा मान खाली घातली, पण या वेळी ती भाजी निवडत होती.

म्हणून हा लेख. मालिका चांगली आहे, जरूर पाहा. वैरागडे सरांचं परीक्षण चुकीचं आहे, असं माझं आजही मत आहे आणि ते त्यांच्याच अंकात छापून येतं आहे, याचं मला समाधान आहे. बाकी माझा जबाब असा की, पऱ्हाटीचा पाय घसरला नव्हता. पूल पोकळ आहे हे तिला कळलं होतं आणि ती थांबली होती. मी बोलावलं म्हणून ती आली.